डोहातली घरं

४ मे १९४६, राजूरजवळची वाडी

आले एकदाची. बैलगाडीने कंबरेचा पार खुळखुळा केला, पण मी खुशीत आहे. बाबा पुण्यात सगळ्यांना सांगत सुटलेत की नीलांबरी आठवड्यात रडत परत येईल. बसा म्हणावं वाट बघत. वाडीत पटकीने माणसं जाताहेत, आणि कुठलं पाणी प्यायचं ते ठरवायला आरोग्य खात्याने मला, प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईला, धाडलंय. राहीबाई नावाच्या विधवेच्या पडवीत मुक्काम. तिने गरम भाकरी वाढली आणि ही एवढीशी पोर काय करणार, असं तोंडावर म्हणाली. मला ती आवडली.

६ मे

ओढ्यातले दगड उलटून पाहिले. पाणी कसं आहे ते दगडाखालच्या किड्यांना विचारावं. वाडीखालच्या पाणवठ्यावर नुसत्या तांबड्या अळ्या, म्हणजे पाणी नासलंय. वरच्या डोहात मात्र घरं बांधणाऱ्या अळ्यांची दाटी. ही अळी मिळेल ते चिकटवून स्वतःभोवती नळी करते, आणि घाण पाण्यात जगत नाही. इथल्या नळ्या हिरव्या काचेच्या. राहीबाई म्हणाली, नवरा गेला की बाया डोहावर बांगड्या फोडतात, तिनेही फोडल्या. पण तिथलं पाणी कुणी पीत न्हाई, जो पिईल त्याचीच घरं बांधतो डोह. मी हसले आणि तिच्यादेखत ओंजळभर प्यायले.

९ मे

वाडीतल्या बन्सीचं धाकटं पोर पटकीने दगावलं. मी चावडीवर जाऊन तावातावाने भांडले. शेवटी ठरलं, बाजाराच्या दिवसापर्यंत मी डोहाचंच पाणी प्यायचं. धडधाकट राहिले तर सगळी वाडी पिईल. बघाच आता.

१२ मे

तांब्यात नळी सापडली. पाणी तर मी फडक्याने गाळते. भिंगाखाली धरली. काच नव्हे, नखाचे कपटे, मेंदीने रंगलेले. मावसबहिणीच्या लग्नातली माझी मेंदी. करंगळीला नख नाही. दुखलंसुद्धा नाही.

मी भिऊन पळणाऱ्यातली नव्हे.

१४ मे

खोकल्यातून नळी पडली. केसांची— मध्ये पांढरा चुरा. आरशात पाहिलं, दाढ अर्धी गेलीय. पाणी स्वच्छ आहे, त्यात मी चुकले नाही. ते स्वच्छ कोण ठेवतं, हे विचारलं नाही.

राहीबाई कौतुकाने सांगून गेली, बाईंना काय झालं न्हाई, उद्या बाजार, सकाळी समदी पिनार. नको म्हणायला तोंड उघडलं. आवाजच नाही.

१५ मे

पाटीवर लिहिलं, पिऊ नका. वाचता कुणालाच येत नाही. राजूरला गाडी निघालीय, गाडीवाला हाका मारतोय. जाणार नाही. पाणी पाजायला मीच निघाले होते, आता अडवणारही मीच.

डोहाच्या काठाशी, वाटेवरच बसलेय. बाया आल्या— पुढे राहीबाई, कडेवर बन्सीची उरलेली पोर. दोन्ही हात पसरून वाट अडवली. राहीबाईला वाटलं, बोलावतेय. म्हणाली, बघा, बाई लेकराला जवळ घ्यायला आल्यात—

एक घागर लाथेने फोडली. हसताहेत— दुसरी फोडली— बोटं गळताहेत, पेन्सिल दातांत— पोर कडेवरून उतरून डोहाच्या पाण्याकडे वाकलीय— नाही पिऊ देणार, मेले तरी नाही पिऊ दे