दारापासून तिसरी खाट

बाबा, आईला पांढुर्ण्यात भरती केलंय. चार दिवसांपासून ऑक्सिजन चालू आहे, आणि तिच्या उशाशी जी मशीन आहे तिच्यातला प्रोग्राम मी लिहिलेला आहे. तुम्ही सौंसरच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता, तेव्हाची एक दुपार सारखी आठवते. मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही माझ्या हाती चहाचे ग्लास दिले, दारापासून तिसऱ्या खाटेला बिनसाखरेचा म्हणालात. त्या दिवशी दाराशी एक जास्तीची खाट टाकली होती. मी इमानदारीत मोजलं, आणि रामाकोन्याच्या शुगरवाल्या आजोबांच्या हाती गोड चहा गेला. तुम्ही ग्लास हिसकावून घेतलात. "मोजून काय देते वं? मानसाले नाव इचारता येत नाही?" सगळ्या वॉर्डासमोर. मोजायला तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून मी दोन दिवस डबा आणला नाही.

आता माझं ऐका. मशीनमध्ये प्रत्येक खाटेची एक मोठी नोंद असते, आणि तिच्या पोटात सलाईनची, ऑक्सिजनची अशा लहान नोंदी. अलार्म वाजला की सी भाषेतला एक मॅक्रो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेला आणि सगळीकडे वापरायचा कोडचा तुकडा, हाती आलेल्या लहान नोंदीपासून ठरलेलं अंतर मागे मोजतो आणि सांगतो, ही खाट. तो सलाईनसाठी लिहिलेला. हाती आलेली नोंद सलाईनचीच आहे का, हे तो आपणहून विचारत नाही. ते विचारणारी टाइपची तपासणी वेगळी लिहावी लागते. ती होती. जुन्या कोडवर सारखी कुरकुरायची, मशीन पाठवायचा दिवस तोंडावर आला होता, म्हणून काढून टाकली. पुढे कुणीतरी त्याच मॅक्रोला ऑक्सिजनची नोंद दिली, जिचं अंतर वेगळं असतं. कोडमधल्या चुका दाखवणारा कंपायलर गप्प बसला, आणि अलार्म वाजला की नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर कधीकधी शेजारच्या खाटेचा नंबर दिसू लागला.

दुरुस्ती तयार आहे, पण ह्या मशीनला नेट नाही, आणि कंपनी म्हणते तक्रार आल्यावर बघू. इथल्या सिस्टरला सांगितलं तर ती हसली, "मॅडम, तुमी लय टेन्शन घेऊन राहिल्या. मशीन कायले चुकते?" मी काय करू, बाबा? पडद्यावर कोणताही नंबर आला की धावत आईपाशी येते आणि तिचं नाव विचारते. "कावून इचारून राहिली वं? तुही माय व्हय ना मी," ती मास्कमधून म्हणते.

तपासणी कशी गेली ते कळत नाही, असं मी कंपनीला लिहिलंय. मीच काढली. तुम्ही आता नाही, हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. शेजारच्या खाटेवर लोधीखेड्याची एक बाई आहे, तिलाही ऑक्सिजन आहे. चार दिवस झाले, तिचं नाव मी विचारलेलं नाही.