वाचून दाखवलेलं पत्र

३ डिसेंबर

दादा,

वयाने मोठा आहेस म्हणून नमस्कार. इकडे सगळं ठीक. शाळेचे गणवेश शिवायला आलेत, मशीनला उसंत नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे?

निकाल वाचला. जिंकलास. म्हणजे तुझी टेलिफोन कंपनी जिंकली. पण तिच्या कायदा विभागाचा साहेब तूच, तेव्हा हारही तुझ्याच गळ्यात पडला असेल.

आजारी माणसाच्या घरचा बंद फोन एका दिवसात दुरुस्त करा, असं कंपन्यांना बजावायचा अधिकार कायद्याने सरकारला दिलेलाच नाही, असं उच्च न्यायालय म्हणतं. नियम रद्द. अण्णा गेल्यावर माझ्याच अर्जावरून झालेला नियम.

आपला फोन नऊ दिवस मुका होता. मी चार तक्रारी केल्या. दहाव्या दिवशी औषधं घेऊन परतले, तर अण्णा जमिनीवर, रिसीव्हर मुठीत.

कोर्टात हे कुणी नीट ऐकलं नाही. ऐकलं ते माझं पत्र. तेव्हा फक्त तुला लिहिलं होतं मी, की औषधं दहा मिनिटांत मिळाली, पण पुढचे दोन तास बागेत नुसती बसून राहिले. तीन वर्षं त्यांचं सगळं केलं, त्या दिवशी घरी पाऊल वळेना. तुमच्या वकिलाने ते भर कोर्टात वाचलं आणि विचारलं, "दोष फोनचा की मुलीचा?" तू मागे बसून कागद चाळत होतास.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पत्र तू दिलंस?"

"अगं, नोकरी आहे माझी. मनाला लावून घेऊ नकोस."

शेजारच्या काकू आता मला पाहून दार लावून घेतात.

ते दोन तास माझेच. कुणावर ढकलणार नाही. पण त्या पत्राचं दुसरं पान तू वकिलाला दिलंच नाहीस. त्यात होतं, पाचव्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तुला फोन केला होता, "दादा, माणूस पाठव रे." तू म्हणालास, "घरच्यांसाठी रांग कशी मोडू? बघतो." हे मी कुठेच बोलले नाही. म्हटलं, अण्णा गेले, भाऊ तरी राहू दे.

सरकार अपिलात जातंय. त्या पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे आहे. या वेळी शपथपत्राला दोन्ही पानं जोडली आहेत. सही काल केली.

वहिनीला हे माझ्या आधी तू सांग.

अण्णांची मुलगी