फोटोचा खिळा

४ ऑगस्ट
एकतीसला नोकरी संपते, त्याच दिवशी अल मजाजच्या या फ्लॅटची किल्ली द्यायची. आखातात बावीस वर्षं झाली. मुक्ताला अजून सांगितलं नाही. पोरगी स्वित्झर्लंडच्या डोंगरात रोमन सैन्याची छावणी खोदतेय, तिचं पहिलंच मोठं काम. होऊ दे. मग सांगू.

९ ऑगस्ट
मु.चा फोन. कड्यावर चढली की रेंज मिळते म्हणे. छावणीच्या भिंती नाहीत, तंबू नाहीत. नुसता चर, आणि चपलांचे खिळे. सैनिकांच्या चपलांना खालून लोखंडी खिळे असत, चालताना गळायचे. दोन हजार वर्षं तिथंच. "बाबा, वन नेल, अँड वी नो दे वेअर हिअर."
एवढ्या उंचावर कशाला कडमडले होते, विचारलं.
"ऑर्डर्स, बाबा. युअर टाइप."
हसलो. फोन ठेवल्यावर घर खायला उठलं.

१५ ऑगस्ट
वॉचमन खानसाब येऊन गेला. "साब, दीवार में एक भी कील नहीं चाहिए. होल में पुट्टी, ऊपर पेंट. फिर क्लिअरन्स."
म्हणजे आम्ही इथं राहिलोच नव्हतो, असं करून द्यायचं.

२१ ऑगस्ट
पकड घेऊन बसलो. सव्वीस निघाले. एकेक वीणानं माझ्याकडून ठोकून घेतलेला. "अहो, तिरका जातोय. थोडा वर." कालनिर्णयाचा, किल्ल्यांचा, मु.च्या शाळेच्या दप्तराचा. सगळे आमटीच्या वाटीत. पुट्टी भरली, भिंत कोरी झाली, आणि मला रडू आलं.
हॉलमधला वीणाच्या फोटोचा तेवढा राहू दिला.

२२ ऑगस्ट
झोप नाही. मागच्या वर्षीही हेच. वीणाला ॲडमिट केलं तेव्हा मु.ची परीक्षा. "तिला कळवू नका," वीणा म्हणाली, मी ऐकलं. मु. पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं. याच हॉलमध्ये म्हणाली, "यू डिसायडेड फॉर मी, बाबा." पुढं आठ दिवस कामापुरतं बोलली.
आणि मी पुन्हा तेच करतोय. जित्याची खोड.

२५ ऑगस्ट
मेसेज चारदा खोडला. शेवटी पाठवला:
"मुक्ता, एकतीसला घर सोडतोय. आधी सांगायला हवं होतं, चुकलो. एकदा बघायचं असेल तर ये. आईच्या फोटोचा खिळा अजून काढलेला नाही."
एकच टिक. वर रेंज नसणार.

२८ ऑगस्ट
दोन टिका, निळ्या. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. रागावली असेल. किंवा निघाली असेल. किंवा

३० ऑगस्ट
खानसाबनं सगळ्या भिंती हात फिरवून पाहिल्या. हॉलमध्ये थांबला. "साब, वो एक?"
"कल."
"कल तो चाबी है."
फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक है. शाम तक, इन्शाल्ला."
बॅगा दाराशी. पकड फोटोखाली स्टुलावर. लिफ्ट मजल्यावर थांबते, मी उठतो. मघाशी शेजाऱ्यांकडचे पाहुणे होते.