सोप्यातलं बटण

आप्पा,

मी पहाटंच्या गाडीनं पुण्याला निघाले. तुमी झोपला होता, उठवलं न्हाई. आईचे व्हिडिओ टीव्हीवर परत दिसायला लागलेत. ते मीच पुसून टाकले असं समजून चार दिवस माझ्याशी बोलला न्हाईसा, पण मी काय पुसलं नव्हतं. मदुरैला सोनं गाळायच्या गलाई दुकानात करायचा, तसंच तुमी हितंबी निजायच्या आधी सोप्यातलं मेन बटण बंद करता. रातभर बंद ऱ्हाऊन सकाळी चालू केलं की राउटर आईचे व्हिडिओ ठेवलेल्या डिस्कच्या डब्याला नवाच पत्ता देतो, आन् टीव्ही बिचारा जुन्या पत्त्यावर हुडकत बसतो. आता तो पत्ता मी राउटरमध्ये कायमचा करून ठेवलाय. खुशाल बंद करा.

मघाशी बघायला म्हणून लावलं, तर आई शेवया वाळत घालत गुणगुणत होती. बाहेर धुकं, आन् घरभर तिचा आवाज. तुमी झोपेतच म्हणाला, "व्हय, आलो."

ती असताना डबा कवा बिघडला न्हाई. का, ते आत्ता उमगलं. घरात रेंज नसती, माझा रातचा फोन वायफायवरच लागायचा. म्हणून तुमी निजला की ती बटण गुपचूप चालू करायची.

आज रातच्याला फोन करते. डब्यासाठी नको, माझ्यासाठी चालू ठेवा.

क्रांती