ॲम्प्लिफायरची हिरवी वायर

आप्पा, परवा दुपारी दुकानात मी गिटारचा एक ॲम्प्लिफायर उघडला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं राहून गेलंय असं सारखं वाटतंय. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं धड बोललो. पण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. घरात सांगितलं तर "जाऊ द्या, होतं माणसाकडून" म्हणतील. तुम्ही तसं म्हणाला नसतात, म्हणून तुम्हाला.

पैठणहून एक ताई आल्या होत्या. तिशीतल्या असतील. एसटीनं आल्या, ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन. लग्नं, बारशी, साखरपुडे अशा कार्यक्रमांत गिटार वाजवत गातात. ॲम्प्लिफायर कुणाकडून तरी जुना घेतलेला. टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाल्या, "भाऊ, ह्यो सारखा घूं घूं करतोय. अन् दुसरं म्हंजी, तारंवर हात असला अन् माइक ओठाला लागला की मुंग्या येत्यात. मागच्या बारीला तर असा झटका बसला, दात वाजले माझे." त्याच संध्याकाळी सातला पैठणला साखरपुडा होता आणि त्यांना साडेचारची गाडी गाठायची होती. दुकानात तेव्हा दीड वाजला होता. मी म्हणालो, "मुंग्यांचं नंतर बघू, आधी आवाज."

आप्पा, आवाज ही माझी गोष्ट आहे. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो: जुनी पुस्तकं आणि जळालेले ट्रान्झिस्टर, एवढेच माझे गुरू. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमधला नको तो आवाज कुठून येतो, हे मी पाना लावायच्या आधी सांगतो. व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. आवाज तेवढाच राहिला तर खोट मागच्या बाजूला, सप्लायमध्ये नाही तर आउटपुटला. व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाला तर खोट पुढं, गिटारच्या अंगाला. कंडेन्सर सुकले असतील तर आवाज खरखरीत, घर्रर्र असा येतो. अर्थिंगचा घोटाळा असेल तर तोच आवाज खाली बसतो, घुमटात कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. सापासारखा स्स्स् आला तर पुढचा आयसी म्हातारा झालाय. हे सगळं मी ताईंना समजावून सांगत होतो आणि त्या मधूनमधून तेच म्हणत होत्या, "ते खरंय भाऊ, पर त्या झटक्याचं बघा की." मी म्हणालो, "चप्पल घालून गात जा." "मंगल कार्यालयात पाटापाशी चप्पल घालून हुभी राहू व्हय? नवरीची आजी मला गिटारीसकट बाहीर काढंल."

मी हसलो आणि पुन्हा कंडेन्सरकडं वळलो. तासभर गेला. कंडेन्सर चांगले निघाले, आयसी चांगला निघाला. आवाज होता तो खाली बसलेला, घुमणारा. मग मागचं झाकण काढून मी जिथून लाइट आत येते तिथं बॅटरी मारली. तीन वायरी आत येतात, लाल, काळी आणि हिरवी. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, लोखंडी बॉडीला जोडलेली असायला हवी, म्हणजे बॉडीत उतरलेली वीज माणसात न जाता जमिनीत जाते. इथं हिरवी कापलेली होती. टोकावर प्लास्टिकची स्लीव्ह चढवून, वळवून, बाकीच्या वायरींबरोबर नीट बांधून ठेवलेली. मी दुकान हादरेल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "कुण्या गाढवानं केलंय हे?" ताई म्हणाल्या, "गाढवाला कशाला बदनाम करता भाऊ, ते कुणाच्या तारा कापत नाय." मी तोंड उघडलं होतं, आणखी दोन शिव्या देणार होतो, तेवढ्यात मला गाठ दिसली.

मेण लावलेला सुती दोरा. दर तीन बोटांवर एक गाठ, आणि शेवटच्या गाठीचा शेंडा आत दाबलेला. आप्पा, या अख्ख्या शहरात वायरी अशा कुणी बांधत नाही, सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या ओढतात. तुम्ही वाळूजच्या कंपनीत पॅनल असे बांधायचात आणि रविवारी घरी उंबऱ्यावर बसून पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून त्याला मेण चोळायचात. मी नुसता बघायचो. शिकवलं म्हणून नाही, बघून बघून हात तसा वळला. तो ॲम्प्लिफायर तीन वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर येऊन गेला होता.

मग सगळं आठवलं. वाद्यवृंदातला एक माणूस आला होता, घाईत. मिक्सरला जोडला की घुमतोय, नुसता असला की गप्प, असं म्हणाला. म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी पोचत होतं आणि त्या दोन वाटांचं वर्तुळ घुमत होतं. खरं कारण शोधायला तासभर लागला असता. मी पाच मिनिटांत हिरवी कापली आणि आवाज गेला. तो म्हणाला, "जादू आहे तुमच्या हातात." मला माहीत नव्हतं असं नाही, आप्पा. मला चांगलं माहीत होतं. कुणाकडून माहीत होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

वाळूजची आपली खोली. मी तेवीस वर्षांचा आहे, पहिला ॲम्प्लिफायर स्वतः बनवलाय, दोन मित्र ऐकायला आलेत. तो घुमतोय म्हणून मी प्लगातली अर्थिंगची जाड पिन उपटून टाकलीय आणि आता तो असा गप्प आहे की मित्र बघतच राहिलेत. तुम्ही पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसनं येता, डबाही खाली ठेवत नाही. उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं, बॉडीला हलकेच शिवता. हात पटकन मागं. खिशातला टेस्टर लावता, तो पेटतो. मित्रांसमोरच म्हणता, "कुत्रं भुंकतंय म्हणून त्याचं तोंड बांधलंस व्हय रं? चोर घरातच हाय की." मित्र हसतात. माझे कान तापतात आणि मी म्हणतो, "तुम्हाला ऑडिओतलं काय कळतंय? तुम्ही मोटारी फिरवा." तुम्ही डबा खाली ठेवता. पुढच्या रविवारी खोलीमागं छातीएवढा खड्डा खणता, पाइप उभा करता, भोवती कोळसा आणि खडं मीठ भरता. आणि मग दर आठवड्याला त्यात एक कळशी पाणी. नळाला आठ आठ दिवस पाणी नसायचं, आई म्हणायची, "माणसं तहानलेली अन् ह्यांचं मातीला पाणी पाजणं चाललंय." त्या अर्थिंगवर जोडला तरी माझा ॲम्प्लिफायर थोडा घुमत राहिला. मी तोंड वाकडं केलं. तुम्ही म्हणालात, "थोडका ऱ्हाऊ दे. माणूस ऱ्हायला पायजे."

दुकानामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी आजही दर रविवारी मिठाचं पाणी ओततो. एकही रविवार चुकवलेला नाही. स्वतःच्या जमिनीला पाणी पाजायचं आणि दुसऱ्याची वायर कापायची, हे दोन्ही एकाच हातानं कसं होत आलं, मला सांगता येत नाही.

ताईंना यातलं काही बोललो नाही. झिरोचा बल्ब होल्डरमध्ये लावून दोन वायरी काढल्या, एक दुकानाच्या अर्थिंगला, दुसरी ॲम्प्लिफायरच्या बॉडीला टेकवली. मला वाटलं होतं काही होणार नाही. नव्या मालातही थोडी गळती असतेच, तेवढ्यानं बल्ब लागत नाही. तो लागला, आप्पा. उजेड नाही, पण आतली तार निखाऱ्यासारखी लाल झाली आणि तशीच राहिली. ट्रान्सफॉर्मर आतून फुटला होता आणि वीज बॉडीत गळत होती. कधीपासून कोण जाणे. या बाई ती बॉडी, त्या तारा, तो माइक घेऊन अनवाणी गात होत्या. ताई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढुसाच की हो लागला." मी म्हणालो, "ताई, बल्ब एवढा लागतो तेवढी वीज माणसाला पुरते." त्या ओठाला हात लावून मागं सरकल्या. मी वायर बाजूला ठेवून टेबल पुसायला घेतलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

साडेतीन वाजले होते. दुसरा ट्रान्सफॉर्मर माझ्याकडं नव्हता. मी म्हणालो, "हा आज मिळणार नाही." त्या उसळल्या. "दोन तास बसवून आता नाय म्हणता? सुपारी घेतलीय मी, लोकांला काय सांगू? आधीचा मेकॅनिक बरा म्हणायचा, त्यानं चालू तरी दिला!" ते वाक्य मी उभ्यानं ऐकलं. मग माझा स्वतःचा ॲम्प्लिफायर, मी बनवलेला, कुणाला हात लावू देत नाही तो, फळीवरून काढला. तिन्ही वायरी त्यांच्यासमोर दाखवल्या, बल्ब लावून दाखवला, लागला नाही. कार्यालयात पोचल्यावर प्लगला अर्थ आहे का ते बघायला तसाच बल्बचा टेस्टलॅम्प दिला आणि तो कसा लावायचा, तिथं दिवा लागला तरच अर्थ आहे, हे दोनदा वदवून घेतलं. रिक्षात बसताना त्यांनी विचारलं, "कोण होता हो तो, हिरवी कापणारा? ओळखीचा दिसतोय तुमच्या, तुम्ही लई येळ बघत बसला होता त्या गाठीकडं." मी म्हणालो, "असेल कुणी. या धंद्यात बरेच आहेत."

त्या गेल्यावर मी मूळ खोट शोधली. गिटारची पिन जिथं आत जाते तिथल्या नटाखालचा प्लास्टिकचा वॉशर फुटला होता, म्हणून पत्रा पत्र्याला लागून अर्थिंगला दुसरी वाट मिळत होती. तो बदलायला मला सहा मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली. साडेसातला ताईंचा फोन आला, पाठीमागं सनई आणि पोरांचा गलका: दिवा लागला, अर्थ आहे, पहिलं गाणं झालं, ओठाला काही नाही. 

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही, आप्पा. मी प्रत्येक कामाची वही ठेवतो, काय बिघडलं होतं, काय केलं, सगळं. रात्रभर न थांबता ती वही चाळली. हिरवी वायर सोडवली, असं माझ्याच अक्षरात आणखी चार ठिकाणी लिहिलेलं होतं. काल सकाळपासून चौघांना फोन लावले. तिघांनी लगेच आणून दिले आणि ते मी जोडून, तपासून परत दिले. चौथा देवगाव रंगारीचा, भजनी मंडळात वाजवतो. त्याला यायला दोन दिवस लागतील, तोवर प्लग लावायचा नाही असं शपथेवर सांगितलंय. ताई सोमवारी येणार आहेत. त्यांना सांगेन असं इथं लिहायला सोपं आहे, पण तुम्हाला खोटं कशाला लिहू, मला अजून माहीत नाही. हे कागदही कुठं धाडायचे नाहीत, घडी घालून वहीतच ठेवीन.

एवढंच कबूल करतो की त्या चौघांना मी खरं कारण सांगितलं नाही. जुन्या गिऱ्हाइकांसाठी दुकानातर्फे तपासणी आहे, असं म्हणालो. देवगावचा तो माणूस गहिवरला. म्हणाला, "भाऊ, इतक्या वर्षांनी आठवण ठेवून फोन करतं कोण आजकाल? तुमच्यासारखी माणसं ऱ्हायली नायत." मी त्याला मध्येच थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. तो बोलत राहिला आणि मी फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं, आणि आप्पा, मला ते ऐकायला बरं वाटत होतं.