कुंपणाबाहेरचा लाल रुमाल

प्रिय आबा,

तुमचं तेरावं उरकून काल यावलहून धुळ्याला परत आले. उद्या सकाळी मला पुन्हा एकटीने विमान उडवायचं होतं. आता नाही. का, ते सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

माझं एकटीचं उड्डाण बघायला आलात तो दिवस आठवतो? केळीची गाडी बांधाशी लावून घेताना हलवायचात, तसाच लाल रुमाल तुम्ही धावपट्टीच्या कुंपणाबाहेरून हलवत होतात. जणू मी गाडीच घेऊन येतेय! किती हौस ती!

आणि मी विमान आपटलं. पुढचं चाक मोडलं, पंख्याची पाती जमिनीला घासून वाकली. मला खरचटलंही नाही. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "काय झालं?" मी कुंपणाकडे बोट केलं. "त्या रुमालाकडे लक्ष गेलं, सर."

तुम्ही लांबून विचारलंत, "माह्यामुळे झालं का व पोरी?"

नाही म्हणायला काय जात होतं माझं? उलट मीच चिडून म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला यायला?" तुम्ही रुमालाची घडी घातलीत आणि एसटी स्टँडकडे चालू लागलात. पुढे कधी आला नाहीत, याचाही मलाच राग! तोही मनात ठेवला.

परवा तुमचे कपडे आवरताना आई म्हणाली, "त्याच्यानंतर दोनदा गेले व्हते ते धुयाले, तुह्यं इमान पाह्याले. कुंपनाजवळच्या बाभयीमांगे उभे राह्यले. रुमाल खिशात. म्हने, पोरीचं ध्यान नको जायाले."

आबा, हाक का मारली नाहीत? त्या दोन्ही वेळी तरी मी नीट उतरले होते का हो?

खरं सांगते, विमान आपटण्याआधी रुमाल मला दिसलाच नव्हता. माझा वेग जास्त होता. चाकं टेकली आणि विमान उसळलं. अशा वेळी इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जायचं, फेरी मारून परत उतरायचं, हे शंभरदा शिकवलं होतं. पण तुम्ही बघत होतात ना! मला पहिल्याच फेरीत उतरून दाखवायचं होतं. मी विमानाचं नाक खाली दाबलं आणि पुढचं चाक आपटलं. रुमाल दिसला तो सगळं संपल्यावर. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण म्हणून मी बापाला पुढे केलं.

आज दुपारी हे सरांना लिहून दिलं. त्यांनी वाचून निकाल दिला: एकटीचं उड्डाण बंद, पुन्हा त्यांच्यासोबत पहिल्यापासून. भीती वाटते आहे. परत एकटीने उडवू देतील की नाही, कोण जाणे.

पण दिलं, तर विमान उसळल्यावर मी पुन्हा वर जाईन, मग कोणीही बघत असो. आणि त्या दिवशी आईला कुंपणापाशी आणीन, बाभळीच्या पुढे. तिच्या हातात तुमचा रुमाल देईन आणि सांगेन, चांगला उंच धरून हलव.

तुमची,
निशा