टिळेश्वराच्या गळ्यातली वीणा

२८ नोव्हेंबर, अमरावती

राजूने अकोल्याहून फोटो पाठवला. माहेरच्या घराजवळच्या चौकात बॅनर लागलंय. त्यावर टिळेश्वर ताठ उभा आणि त्याच्या पायाशी वाकलेले माझे बाबा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा! खाली मोठ्या अक्षरांत, "ज्येष्ठांचाही विश्वास". विश्वासाच्या नावानं चांगभलं. राजूने फोटोखाली हात जोडल्याच्या खुणा टाकल्यात. माझा सख्खा धाकटा भाऊ.

टिळेश्वर हे नाव मी ठेवलेलं. माजी नगरसेवक. मागची निवडणूक हरेपर्यंत देवळाची पायरी ठाऊक नव्हती. आता कपाळभर टिळा, गळ्यात तुळशीची माळ.

क्लास कसाबसा घेतला. पेशीविभाजन शिकवताना पोरी म्हणाल्या, मॅडम, बरं नाही का?

२९ नोव्हेंबर

हे म्हणाले, "जाऊ दे ना." यांचं सगळंच जाऊ दे असतं. शेवटी मोबाईलमधल्या चॅटबॉटशी बोलले (यापुढे नुसतं चॅ.). बॅनरचा फोटो दिला, सरळ विचारलं, हा माणूस खरा भक्त की ढोंगी?

चॅ. म्हणे, "एखाद्याच्या मनातील श्रद्धा बाहेरून ठरवणे कठीण आहे. या छायाचित्रात ते एका ज्येष्ठ नागरिकाला आशीर्वाद देताना दिसत आहेत."

आशीर्वाद! माझ्या बापाला! तो!

मग लिहिलं, माळ घालून ढाब्यावर काय खातो ते विचार त्याला. म्हणे, आपल्याकडे याचा पुरावा आहे का? सगळ्या अकोल्याला माहीत आहे, आता सगळ्या अकोल्याची सही आणू का? हरल्यावर आलेली भक्ती, देवळात शिरताना मागे फोटोवाला, एकेक मांडत गेले. तेव्हा कुठे कबूल झालं: "आपण दिलेल्या माहितीनुसार ही भक्ती राजकीय हेतूने प्रेरित असू शकते." एवढं पुरे. स्क्रीनशॉट काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. जरा बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

राजूचाही स्क्रीनशॉट आला. त्याच चॅ.चा! "नियमित उपस्थिती व नम्रता पाहता त्यांची भक्ती प्रामाणिक वाटते."

फोन लावला. काय सांगितलंस रे त्याला?

"जे डोयानं पाह्यलं तेच सांगतलं. कार्तिकातल्या सप्ताहात सायेब रोज येत होते. वीणा घ्याच्या आंधी त्यायनं बाबाच्या पायावर डोस्कं ठेवलं. रडले, ताई. तू होती का तिथं?"

नव्हते. पण सप्ताहात वीणेचा पहारा बदलतानाची रीत मलाही माहीत आहे. आधी वीणा घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. वीणा त्याच्या गळ्यात घातली की मग देणारा त्याच्या पाया पडतो. दोघंही वाकतात. मग बॅनरवर एकटे बाबाच का? त्याचं वाकणं कुठे गेलं?

"फोटोवाल्याले जो भेटला तो टाकला असन."

बरोबर हाच कसा भेटला? फोन आपटला.

चॅ.ला झापलं. एकाच माणसाबद्दल बहिणीला एक, भावाला दुसरं? "गोंधळाबद्दल क्षमस्व. दोन्ही उत्तरे मिळालेल्या माहितीवर आधारित होती." म्हणजे जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो. टिळेश्वराने याला पक्षात घ्यावं.

३ डिसें.

आज पुन्हा जुंपली. म्हटलं, गोल गोल नको, हो की नाही ते सांग. नाही सांगितलं. उलट मलाच विचारलं, "या प्रसंगाबद्दल आपल्या वडिलांना काय वाटते, हे आपण त्यांना विचारले आहे का?"

मोबाईल गादीवर फेकला.

नाही विचारलं. यांच्याशी भांडले, राजूशी भांडले, यंत्राशी भांडले. बाबांना फोनवर फक्त गुडघे कसे आहेत, औषध घेतलं का. आणि हे मला त्या मेल्या चॅ.ने सांगावं!

६ डिसें., अकोला

सकाळच्या बसने आले. बाबा अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होते. शेजारी बसले आणि विचारलं, तुम्ही त्याच्या पाया का पडलात?

"त्याच्या नाही पडलो वं माय. वीणेच्या पडलो. ज्याच्या गयात वीणा, त्याच्यापुढं वाकाच लागते. उद्या तुह्या गयात असन तं तुह्यापुढं बी वाकीन."

"पण बॅनरवर वीणा नाहीच आहे, बाबा."

"काहून? होती ना त्याच्या गयात."

त्यांनी बॅनर पाहिलंच नव्हतं. गुडघ्यांमुळे चौकापर्यंत जाणं होत नाही. राजूने सांगितलं होतं, तुमचा मोठा फोटो लागला, तेवढ्यावर खूश होते. मी मोबाईलवर मोठा करून दाखवला. वीणेच्या जागी तीन गोल छापलेत, गोलांत पक्षाचे मोठे नेते.

बाबांनी त्या गोलांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वीणाच झाकली."

राजू शेंगांची टरफलं गोळा करू लागला. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. कसलं काय. बाबांचं तोंड पाहून रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

७ डिसें.

राजूने फोन केला असणार. टिळेश्वर स्वतः घरी आला. बॅनर सकाळीच उतरवलं म्हणे.

"काका, चूक झाली. पोरायनं बनवलं, म्या पाह्यलंच नाही."

स्वतःचं थोबाड एवढं मोठं लागलं आणि पाहिलं नाही! तोंडावर म्हटलं मी. बाबांनी डोळे वटारले, माझ्यावरच.

मग हळूच विचारतो, दत्तजयंतीच्या सप्ताहात वीणा घेऊ का, काका? पहाऱ्याच्या पाळ्या बाबाच लावतात.

मला वाटलं, आता बाबा हाकलतील. तर म्हणाले, "घे. पण पह्यल्या दिवशी दुपारचा पहारा घे, पंगतीनंतरचा. तवा देवयात कोनी नसते. फोटोवाला नाही आनाचा."

"येतो, काका."

चॅ.ला विचारलं, येईल का? "निश्चित सांगता येणार नाही." मग तुला ठेवलंय कशाला!

१७ डिसें., अकोला

देवळातच लिहिते आहे, खांबाला टेकून. पंगत उठून बराच वेळ झाला. देवळात आम्ही तिघंच. टिळेश्वराचा पत्ता नाही, फोन लागत नाही.

वीणा बाबांच्या गळ्यात. सकाळचा पहारा हट्टाने त्यांनी घेतला. सप्ताह संपेपर्यंत वीणा खाली ठेवता येत नाही, कोणाच्या तरी गळ्यात हवीच. राजू दोनदा पुढे गेला, "बाबा, मले द्या." बाबांनी मान हलवली. "ज्याचा पहारा हाय त्यालेच देईन. म्या शब्द देल्ला."

धोतराखाली गुडघे थरथरताहेत, मला इथून दिसतंय. भिंतीला टेकत नाहीत. तार छेडतात, नाम घेतात, पाय बदलतात. टिळेश्वराला फाडून खावंसं वाटतंय. या हट्टी म्हाताऱ्याचाही राग येतोय. शब्द तुम्ही दिला, त्याने काय दिलं?

आणि मघाशी मीच समोरच्या दत्ताला हात जोडले. माझ्याने राहवलं नाही. टिळेश्वर यावा म्हणून. खरा असो, खोटा असो, नुसता येऊ दे म्हटलं.

बाहेर गाडी थांबली. राजू पळत गेलाय. अजून आत कोणी आलेलं नाही.